आर्टिचोक आणि करडई : दोन काटेरी भावंडांचे औषधी गुण

प्रस्तावना

यकृताच्या आरोग्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल व सिरपच्या वेष्टनांवर ‘आर्टिचोक’ हे नाव आता वाचायला मिळते. बेळगाव-निपाणी सीमाभागातील मंडईत ही भाजी सहसा दिसत नाही. येथील स्वयंपाकघराला ती परकीच आहे. तिचे नाव मात्र जाहिरातींतून आणि मोबाईलवरील संदेशांतून घराघरांत पोहोचले आहे. रक्तातील चरबी उतरवते, यकृत ‘साफ’ करते, पचन सुधारते, इतकेच नव्हे तर कावीळही बरी करते, असे दावे तिच्याविषयी केले जातात.

महाविद्यालयीन अध्यापकाकडे असे प्रश्न दोन्ही बाजूंनी येतात. वर्गात विद्यार्थी विचारतात आणि शिकलेला माणूस म्हणून गल्लीतील लोकही विचारतात. विषय भाषेचा असो वा वाणिज्याचा, उत्तर देण्याची जबाबदारी टळत नाही. प्रस्तुत लेखात आर्टिचोकचे औषधी गुण कोणते, त्यांपैकी कोणते प्रयोगांनी सिद्ध झाले आहेत, कोणते अर्धे सिद्ध आहेत आणि कोणते निव्वळ ऐकीव आहेत, याचा विचार केला आहे. तसेच याच वनस्पतीचे सीमाभागातील शेतात उगवणारे जवळचे भावंड, म्हणजे करडई, हिचाही परिचय करून दिला आहे.

नावाचा प्रवास

आर्टिचोक हा शब्द इंग्रजी वाटला तरी त्याचे मूळ अरबी आहे. अरबीत या वनस्पतीला ‘अल्-खर्शूफ’ म्हणतात. स्पेनमध्ये अनेक शतके अरबी भाषा नांदत होती. तेथे या शब्दापासून स्पॅनिश ‘आल्काचोफा’ झाला. पुढे उत्तर इटलीतील बोलींत तो ‘आर्टिचोक्को’ झाला आणि तेथून इंग्रजीत आला. गंमत अशी की, सीरिया-लेबनॉनकडील आजच्या बोलीभाषेत हाच शब्द युरोपातून परत आला आणि ‘अर्दी शौकी’ म्हणजे ‘जमिनीवरची काटेरी’ असा नवा अर्थ लेवून बसला. फारसीत तिला ‘कंगर फरंगी’ म्हणतात, म्हणजे फिरंग्यांचे कंगर. ‘कंगर’ ही इराणातील एक रानटी काटेरी भाजी होय.

हिंदुस्थानात इंग्रजी शब्द आला तेव्हा लोकांच्या जिभेने त्याला ‘हाथीचक’ किंवा ‘हाथीचोक’ असे रूप दिले. हत्तीचा या वनस्पतीशी काहीही संबंध नाही. परक्या शब्दाला ओळखीच्या शब्दाचा पोशाख चढवण्याची ही लोकरीत होय. परंतु या नावामुळे एक घोटाळा झाला आहे. ‘हाथीचोक’ हे नाव ‘जेरुसलेम आर्टिचोक’ या दुसऱ्याच वनस्पतीलाही दिले जाते. ती सूर्यफुलाच्या वंशातील असून तिचा जमिनीखालचा कंद खातात. तिचे गुण वेगळे, घटक वेगळे. तेव्हा कोणी ‘हाथीचोक’ म्हणून काही सुचवले तर ते नेमके कोणते, हे आधी विचारणे आवश्यक ठरते. औषधी वनस्पतींच्या बाबतीत नावाची चूक ही केवळ भाषेची चूक राहत नाही.

वनस्पतीचा परिचय

आर्टिचोकचे शास्त्रीय नाव सायनारा कार्डुनक्युलस असे असून ती सूर्यफूल, झेंडू व शेवंती यांच्याच मोठ्या कुळातील आहे. या कुळात काटेरी वनस्पतींचा एक गट आहे. आर्टिचोक आणि करडई या दोन्ही त्या गटातील होत. आर्टिचोक मूळची भूमध्य समुद्राभोवतालची. आजही इटली, इजिप्त व स्पेन हे देश तिच्या उत्पादनात अग्रेसर आहेत.

भाजी म्हणून खातात ती तिची न उमललेली मोठी कळी. कमळाच्या कळीप्रमाणे तिच्याभोवती जाड, खवल्यांसारखी दले असतात. कळी उकडून या दलांच्या बुडाचा मांसल भाग आणि आतला मऊ गाभा खातात. मधला केसाळ भाग घशात अडकतो म्हणून काढून टाकतात. कळी उमलू दिली तर तिचे जांभळे फूल होते आणि भाजी वाया जाते.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. ताटात येते ती कळी, परंतु औषधात वापरतात तो अर्क पानांचा असतो. ही पाने अतिशय कडू असून ती कोणी भाजी म्हणून खात नाही. त्यामुळे ‘आर्टिचोकने अमुक झाले’ असे वाचनात आले तर ते कळीविषयी आहे की पानांच्या अर्काविषयी आहे, हे पाहिले पाहिजे. बहुतेक वैद्यकीय प्रयोग पानांच्या अर्कावर झालेले आहेत.

घटकद्रव्ये

आहार म्हणून कळीचे मूल्य चांगले आहे. १०० ग्रॅम कच्च्या आर्टिचोकमध्ये सुमारे ४७ किलोकॅलरी, ३.३ ग्रॅम प्रथिने, ५.४ ग्रॅम तंतू, ३७० मिलिग्रॅम पोटॅशियम, ६० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ६८ मायक्रोग्रॅम फोलेट असते. तिच्यात ‘इन्युलिन’ नावाचा पिष्टासारखा पदार्थ असतो. तो लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे तो खाद्य होतो. म्हणूनच काहींना ही भाजी खाल्ल्यावर पोटात वायूही धरतो.

पानांत क्लोरोजेनिक आम्ल, ल्युटिओलिन, सायनारिन आणि सायनारोपिक्रिन ही द्रव्ये असतात. सायनारोपिक्रिनमुळे पाने कडू लागतात. सायनारिनची रासायनिक रचना पानिझ्झी आणि स्कार्पाती या इटालियन शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. आर्टिचोक खाल्ल्यानंतर साधे पाणी गोड लागते, हा अनुभव अनेकांना येतो. १९७२ मध्ये या अनुभवाची प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि वनस्पतीतील द्रव्ये जिभेच्या चवग्रहणावर तात्पुरता परिणाम करतात, असे दाखवण्यात आले. आवळा खाऊन पाणी प्यायलेल्या कोणालाही हा अनुभव नवा वाटणार नाही.

संशोधन काय सांगते?

(अ) पचन : आर्टिचोकच्या पानांचा सर्वांत भरवशाचा उपयोग पचनाच्या तक्रारींत दिसतो. अर्कामुळे यकृतातून पित्तरस अधिक स्रवतो. पित्तरस वाढला की स्निग्ध पदार्थांचे पचन सुलभ होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनाट अपचनाच्या २४७ रुग्णांना सहा आठवडे अर्क किंवा औषध नसलेली दिखाऊ गोळी देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांची पोट जड होणे, फुगणे, मळमळणे ही लक्षणे दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाली. युरोपीय औषध संस्थेनेही पोटफुगी, जडपणा व वायू यांसाठी या पानांचा वापर मान्य केला आहे. मात्र ही मान्यता ‘पारंपरिक वापर’ या सदराखाली आहे. याचा अर्थ, दीर्घकाळच्या वापरावरून ती दिलेली आहे. चाचण्यांचा पुरावा पुरेसा ठरला, असे त्यातून निघत नाही.

(आ) कोलेस्टेरॉल : २००० मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४३ रुग्णांना रोज १८०० मिलिग्रॅम अर्क अथवा दिखाऊ गोळी सहा आठवडे देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांचे एकूण कोलेस्टेरॉल १८.५ टक्के उतरले. जाहिरातीत एवढाच आकडा येतो. परंतु दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचेही ८.६ टक्के उतरले होते! अर्काचे खरे श्रेय म्हणजे या दोन आकड्यांतील फरक, सुमारे दहा टक्के. २००८ मध्ये इंग्लंडमधील ७५ व्यक्तींवरील बारा आठवड्यांच्या चाचणीत अर्काने कोलेस्टेरॉल अवघे ४.२ टक्के उतरले, तर दुसऱ्या गटाचे १.९ टक्के वाढले. कॉक्रेन या संस्थेने २०१३ च्या आढाव्यात तीन चाचण्या व एकूण २६२ व्यक्तींची माहिती एकत्र केली. अर्काचा थोडा उपयोग दिसतो, परंतु पुरावा निर्णायक नाही, असा त्या आढाव्याचा सूर आहे.

(इ) यकृत : प्राण्यांवरील व प्रयोगशाळेतील पेशींवरील प्रयोगांत आर्टिचोकच्या द्रव्यांनी यकृतपेशींचे विषारी पदार्थांपासून काही प्रमाणात रक्षण केल्याचे आढळले आहे. परंतु उंदरात दिसलेला गुण माणसात दिसेलच असे नाही. दीर्घकालीन हेपटायटिस ‘सी’च्या रुग्णांवरील एका छोट्या अभ्यासात या अर्काने विषाणूंचे प्रमाण कमी झाले नाही. ‘यकृत साफ करणे’ हा तर जाहिरातीचा शब्दप्रयोग आहे. यकृत हे स्वतःच शरीराची सफाई करणारे इंद्रिय असून त्याला वरून धुण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

कावीळ आणि काटेरी औषध

सीमाभागात आर्टिचोकच्या दाव्यांतील सर्वांत धोक्याचा दावा काविळीचा आहे. मराठी घरात कावीळ, कानडी घरात कामाले, उर्दू घरात यरकान असे म्हटले तरी दुखणे एकच आणि त्यावरील घरगुती वाटाही सारख्याच. पाला, रस, माळ, दोरा, झाडपाल्याचे औषध देणारा माणूस. कावीळ झाली की दवाखान्याआधी तिकडे जाण्याची सवय शिकलेल्या घरांतही आहे.

वस्तुतः कावीळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. रक्तातील बिलिरुबिन वाढल्यामुळे डोळे व लघवी पिवळी होते. त्याची कारणे मुख्यतः तीन ठिकाणी असतात. पहिले, रक्तातील तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर फुटणे, जसे काही वेळा मलेरियात होते. दुसरे, यकृताला सूज येणे, जसे दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हेपटायटिस ‘ए’ व ‘ई’मध्ये होते. तिसरे, पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकून पित्ताची वाट बंद होणे.

आता आर्टिचोकचा गुण आठवावा. ते पित्तरस वाढवते. वाट मोकळी असेल तर ठीक. परंतु पाटाचे तोंड बुजलेले असताना विहिरीवरची मोटार जोरात चालवली तर पाणी शेतात जाणार नाही, बांध फोडील. म्हणूनच पित्तनलिकेत अडथळा असलेल्यांनी आणि पित्ताशयात खडे असलेल्यांनी आर्टिचोकचा अर्क घेऊ नये, असा स्पष्ट इशारा दिला जातो. कावीळ कोणत्या कारणाची आहे, हे डोळ्यांच्या पिवळेपणावरून घरी कळत नाही. त्यासाठी रक्ताची तपासणी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी लागते.

झाडपाल्याच्या औषधाने कावीळ गेल्याचे अनुभव लोक प्रामाणिकपणे सांगतात. याचे कारण असे की, हेपटायटिस ‘ए’ची कावीळ बहुधा विश्रांतीने काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय मात्र त्या दिवसांत जे घेतले असेल त्याला मिळते. जिथे ती आपोआप उतरणारी नसते, तिथे या विश्वासाची किंमत जिवाने मोजावी लागते. हेपटायटिस ‘ई’ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर शंभरात २० ते २५ स्त्रिया दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरोदर सुनेचे किंवा लेकीचे डोळे पिवळे दिसले तर एक दिवसही पाल्याच्या औषधावर घालवू नये. ही गोष्ट अध्यापकाने वर्गात सांगितली आणि एका विद्यार्थिनीने घरी नेली, तरी ती पुरेशी आहे.

सीमाभागातील भावंड : करडई

आर्टिचोक परदेशी असले तरी त्याचे भावंड सीमाभागाला परके नाही. बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील काळ्या जमिनीत, तसेच विजयपूर, बागलकोट व सोलापूर भागात रब्बीत करडई घेतली जाते. तिला कानडीत ‘कुसुबे’ किंवा ‘कुसुबी’, संस्कृतात ‘कुसुंभ’ आणि यूनानी वैद्यकात ‘कुर्तुम’ म्हणतात. मराठीतील ‘कुसुंबी’ रंग तिच्याच फुलांचा. तिच्या शास्त्रीय नावातील ‘कार्थॅमस’ हा शब्दही अरबी ‘कुर्तुम’वरूनच घेतलेला आहे. म्हणजे दोन्ही भावंडांची नावे जगाने अरबीतूनच उचलली.

दोन्ही वनस्पतींचे साम्य शेतातही दिसते. करडईचे बोंड हातात घेऊन पाहिल्यास त्याभोवतीची काटेरी दले आणि आत दाटीने बसलेली बारीक फुले दिसतात. आर्टिचोकची कळी हीच रचना मोठ्या आकारात दाखवते. करडईचे सोटमूळ खोल जाते. त्यामुळे पाऊस संपल्यानंतर जमिनीतील ओलाव्यावर ती तग धरते. काट्यांमुळे तिची काढणी पहाटे, दवाने काटे मऊ असताना करण्याची पद्धत आहे.

गुणांच्या दृष्टीने पाहता करडईचे दोन भाग रोजच्या आहारात येतात. कोवळ्या पानांची भाजी लसूण घालून ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात. काटे धरण्यापूर्वीच ती खुडावी लागते. दुसरा भाग म्हणजे तेल. पारंपरिक वाणांच्या तेलात सुमारे ७० ते ७५ टक्के लिनोलिक आम्ल असते. ते शरीराला आवश्यक असून शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. यूनानी वैद्यकात ‘तुख्मे कुर्तुम’ म्हणजे करडईचे बी कफ व मलावरोध यांवर सारक म्हणून वापरतात.

परंतु परंपरा नेहमी एकच सांगते, असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वनस्पतिज स्नेहांमध्ये कुसुंभाचे तेल सर्वांत अहितकर गणले आहे. आधुनिक काळात त्याच तेलाची ‘हृदयासाठी उत्तम’ म्हणून जाहिरात झाली. तेव्हा ‘परंपरेने सांगितले’ किंवा ‘विज्ञानाने सांगितले’ एवढे म्हणून भागत नाही. कोणी, कशावरून आणि कोणासाठी सांगितले, हे पाहावे लागते.

याचे एक बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील आहे. १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराचा झटका किंवा तत्सम त्रास होऊन गेलेल्या ३० ते ५९ वर्षांच्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यांतील एका गटाला लोणी व प्राणिज चरबीऐवजी करडईचे तेल आणि त्यापासून केलेले मार्गारिन देण्यात आले. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले. परंतु जुनी माहिती पुन्हा तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा दिसले की, या गटात १७.६ टक्के माणसे दगावली होती, तर दुसऱ्या गटात ११.८ टक्के. या एका प्रयोगावरून करडईचे तेल वाईट ठरत नाही. तुपा-लोण्याऐवजी वनस्पतिज तेले वापरल्याने हृदयविकार कमी झाल्याचे इतर अभ्यासही आहेत. तथापि रक्तातील आकडा उतरणे आणि माणसाचे आयुष्य वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून शिकता येते. आर्टिचोकच्या वर दिलेल्या चाचण्यांनी फक्त आकडा मोजला होता. त्याने हृदयविकार टळतो की नाही, हे त्यांनी मोजलेच नव्हते.

करडईचे क्षेत्र गेल्या काही दशकांत घटले आहे. काटे, माव्याचा उपद्रव, मजुरांची टंचाई, स्वस्त आयात तेल आणि सोयाबीन-सूर्यफुलाची स्पर्धा ही त्याची कारणे. धारवाड जिल्ह्यातील अण्णिगेरी येथील संशोधन केंद्राचा ‘ए-१’ आणि सोलापूरचा ‘भीमा’ हे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तर बिनकाट्याचे वाण विकसित केले. त्यांच्या पाकळ्या हाताने वेचता येतात आणि त्यांचा चहाही करतात. परदेशी भावंडाच्या कॅप्सूलला मागणी वाढत असताना घरचे भावंड बांधावरून नाहीसे होत आहे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

सावधगिरी

१. शेवंती, झेंडू किंवा गाजरगवताची ॲलर्जी असलेल्यांना आर्टिचोक व करडई या दोहोंचीही ॲलर्जी होऊ शकते.
२. पित्ताशयात खडे असल्यास आर्टिचोकचा अर्क घेऊ नये.
३. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी करडईच्या पाकळ्यांचा चहा किंवा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदर स्त्रियांनी तो टाळावा.
४. कोलेस्टेरॉल किंवा मधुमेहाची चालू गोळी बंद करून त्या जागी कोणताही अर्क घेऊ नये.
५. ‘नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे’ हा समज चुकीचा आहे. धोतराही नैसर्गिकच आहे.

अध्यापकांसाठी काही उपक्रम

हा विषय वर्गात सहज नेता येतो. भाषेच्या तासाला विद्यार्थ्यांना घरातील वडीलधाऱ्यांकडून एकेका औषधी वनस्पतीची मराठी, कानडी व उर्दू नावे आणि उपयोग गोळा करायला सांगावे. सीमाभागातील एकाच वर्गात तिन्ही भाषांची मुले असतात. ही सोय इतरत्र क्वचितच मिळते. संख्याशास्त्राच्या तासाला वर दिलेले १८.५ आणि ८.६ हे आकडे फळ्यावर लिहून दिखाऊ गोळीच्या गटाचे महत्त्व समजावता येईल. वनस्पतिशास्त्राच्या तासाला करडईचे बोंड कापून दाखवता येईल. विद्यार्थ्यांना कोणतीही अनोळखी वनस्पती चाखायला मात्र सांगू नये.

बेळगावात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे एक केंद्र २००६ पासून आहे. आज ते राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था या नावाने ओळखले जाते. लोकवैद्यकातील ज्ञान प्रयोगाच्या कसोटीवर तपासणे हेच अशा संस्थेचे काम असते. विद्यार्थ्यांनी गोळा केलेली माहिती नुसती वहीत न ठेवता ती कशी तपासली जाते, हे समजून घेण्यासाठी अध्यापकांनी अशा संस्थेशी संपर्क साधावा.

समारोप

आर्टिचोकची कळी ही तंतूंनी समृद्ध, चांगली भाजी आहे. तिच्या पानांचा अर्क अपचनात उपयोगी पडू शकतो, कोलेस्टेरॉल थोडेफार उतरवू शकतो. त्याने कावीळ बरी होते, याला आधार नाही आणि काही प्रकारच्या काविळीत तो अपायकारक ठरू शकतो. ज्यांना तंतू, पालेभाजी व चांगले तेल हवे आहे, त्यांना त्यासाठी महागड्या डब्याकडे वळण्याची गरज नाही. करडईची जुडी आठवडी बाजारात अजून मिळते. ज्यांचे डोळे पिवळे झाले आहेत, त्यांनी मात्र दोन्ही भावंडांना बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठावा.